धुक्यात ओतलेली घंटा

एक होतं बंदर. राजाही होता, पण तो डोंगरापलीकडे राहायचा, आणि आपल्या गोष्टीत थोडाच वेळ येतो. बंदराचं नाव सावळटोक. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्यात काळे काळे खडक होते. लोक त्यांना दाढा म्हणायचे. उजेडात दाढा दिसायच्या, मग होड्या वळसा घालून यायच्या. पण थंडीत धुकं पडलं की समोरचं माणूस दिसायचं नाही, तिथे दाढा कुठल्या दिसणार?

म्हणून टोकावर एक मोठी घंटा टांगली होती. धुक्यात ती वाजायची. नाखवा तिच्या आवाजाकडे होडीचं नाक धरायचा, आणि दाढा आपोआप उजव्या हाताला राहायच्या. शंभर वर्षं असं चाललं.

मग एका वर्षी काय झालं, घंटेला तडा गेला. ठण् म्हणायची ती थप् म्हणायला लागली. आणि थप् काही पाण्यावरून लांब जात नाही.

गावात ओतारी घर एकच होतं. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा, बरं का. घरात तीन माणसं. गुणाजी ओतारी, त्याची आई जिवाई, आणि बायको येसू. गुणाजीने घंटा पाहिली, बोटाने वाजवली आणि म्हणाला, "हीच वितळवून नवी ओतीन. पण वर थोडं कथील लागेल. कथील कमी पडलं तर आवाज बसका येतो." कथील मिळायचं लांबच्या बेटावर. मग गुणाजी आणखी सहा माणसांबरोबर होडीत बसला. जाताना म्हणाला, "पौर्णिमेच्या सकाळी भरतीबरोबर येतो."

होडी गेली. आणि त्या वर्षी धुकं महिनाभर आधी आलं.

आता पाहा हं पंचाईत. घंटेसाठी कथील हवं. कथील होडीत. आणि होडीला घरी यायला घंटा हवी. पौर्णिमेच्या सकाळी भरती लागली की पाणी होडीला आत ओढणार, आणि आत तर दाढा वाट बघत बसलेल्या.

गावाने राजाला निरोप पाठवला. राजा पालखीतून आला. त्याने टोकावर मोठी आग पेटवायला सांगितली. आग पेटली. दहा पावलांवरून दिसेना. मग त्याने वीस ढोल आणवले. ढोल वाजले. धुक्याने आवाज गोधडीत गुंडाळावा तसा गुंडाळला. मग राजा म्हणाला, "थांबा, आमचा आवाज पहाडी आहे." तो स्वतः टोकावर उभा राहिला आणि ओरडला. दुपारपर्यंत ओरडला. त्याचा घसा बसला, त्याला पालखीत घातलं आणि काढा पाजत परत नेलं. झालं राजाचं काम.

मग येसू सासूला म्हणाली, "आत्याबाई, घंटा आपणच ओतू."

"आपण?" जिवाई म्हणाली. "अगं, पन्नास वर्षं मी भाता मारला. साच्याला हात लावू दिला का मला कोणी?"

"हात नाही लावला. डोळे तर होते ना?"

"डोळे होते. जीभही होती. मामंजींना एकदा विचारलं, साच्याला तीन भोकं कशाला ठेवता? तर म्हणाले, त्या देवाच्या वाटा. विचारलंस तर घंटा मुकी होईल."

"मग?"

"मग काय! पुन्हा विचारलं नाही. पण भोकं तीन असायची, आणि प्रत्येकाला हळदकुंकू लागायचं, एवढं पाहिलंय."

झालं, दोघी कामाला लागल्या. घंटा कशी ओततात ते सांगते. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचा जाड थर द्यायचा, अगदी घंटेच्या आकाराचा. त्यावर पुन्हा माती लिंपायची. मग मेण वितळवून बाहेर काढायचं. मेण गेलं की दोन मातींच्या मध्ये घंटेएवढी पोकळी उरते. त्या पोकळीत तापलेला धातू ओतायचा. गार झाला की माती फोडायची. आत घंटा.

कथील तर नव्हतं. पण काशात कथील असतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील एकत्र वितळवून केलेला धातू. गावात घरोघरी काशाची वाटी असायची, तळपायाला तूप चोळायला. येसू दारोदार गेली आणि वाट्या मागून आणल्या. एक म्हातारेबुवा देईनात. म्हणाले, "मग मी तळवे कशाने घासू?"

जिवाई मागूनच आली होती. ती म्हणाली, "तुमची जीभ दिवसभर चालते की, तिनेच घासा." म्हातारेबुवांनी वाटी दिली.

मग साचा झाला. येसूने साच्याला किती भोकं ठेवली? एक. कारण ऐका. जिथे भोक असतं तिथे धातूचं टेंगूळ राहतं. एक टेंगूळ कानशीने घासायला एक दिवस लागतो. तीन भोकं म्हणजे तीन दिवस. पौर्णिमेला उरले होते दहा. येसू म्हणाली, "देवाला एक वाट पुरे." जिवाईलाही ते पटलं. तिने त्या एका भोकाला तिघांचं हळदकुंकू लावलं.

येसूने साचा विस्तवाजवळ नेला. तर आतून आवाज आला.

"येसू, मी इथून हलायचं नाही."

"कोण ते?"

"मेण. बाहेर थंडी, आत थंडी. थंडीत मी दगड आहे. मला हळूहळू ऊब दे. घाई केलीस तर पेट घेईन, मग रडू नको."

येसूने गोवऱ्यांचा मंद विस्तव केला. साचा कलता धरला, भोक खाली. बराच वेळ काही नाही. मग एक थेंब. मग धार. मेण तेलासारखं वाहत आलं आणि मडक्यात पडलं. मडक्यात ते गार झालं, पांढुरकं झालं आणि पुन्हा दगड होऊन बसलं. जेवढं आत लिंपलं होतं तेवढंच बाहेर आलं.

मग दोघींनी साचा उलटा करून मातीत रोवला, घंटेची टाळू खाली आणि भोक वर. जुनी घंटा फोडून तिचे तुकडे मुशीत भरले, वर निम्म्या वाट्या टाकल्या. मूस म्हणजे धातू वितळवायचं जाड भांडं. जिवाई भाता मारायला बसली. भाता मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तुकडे लाल झाले. मग नारिंगी झाले. मग त्यांच्या कडा मऊ झाल्या, ते एकमेकांत मिसळले आणि मुशीत नुसती झळाळती रसरस उरली. पण यात सगळा दिवस गेला, आणि तोवर साचा गारठून गेला होता. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

येसूने धातू ओतला. अर्धा आत गेला. अर्धा भोकातच थिजला.

दुसऱ्या दिवशी माती फोडली. आत घंटेची नुसती टाळू निघाली. कडा नाहीतच. जिवाईने ती हातात घेऊन फिरवली.

"घंटा कुठली, ही तर टोपी झाली," ती म्हणाली. "राजाला पाठवून दे. घसा बसलाय, निदान कान तरी झाकील."

येसू हसली नाही. तिने त्या टोपीलाच विचारलं, "का गं बाई, अशी मध्येच का थांबलीस?"

"गार भिंतीला टेकले ना," टोपी म्हणाली. "तापलेली असते तोवर मी पाण्यासारखी धावते. पण गारठा लागला की जिथे असेन तिथे बसते. आणि एकदा बसले की भट्टीशिवाय उठत नाही."

"बरं," येसू म्हणाली. "आता साचाही गरम ठेवीन."

पौर्णिमेला उरले सहा दिवस.

फोडलेली माती पुन्हा भिजवली. मडक्यातलं मेण पुन्हा घेतलं. पुन्हा गाभा, पुन्हा मेण, पुन्हा माती. भोक पुन्हा एकच. साचा वाळायला ठेवला, पण धुक्यात माती वाळते कुठे? येसूने भोवती मोठा जाळ केला. मेण आधीच मंद विस्तवावर मडक्यात काढून घेतलं होतं. माती वरून खणखणीत तापली, हात लावला तर चटका बसे. येसूला वाटलं, झाला तयार. पण जाड माती ती. वरून कोरडी, आतून ओली.

टोपी पुन्हा वितळवून तिने धातू ओतला. या वेळी धातू थांबला नाही. सरळ आत गेला. जिवाईने हात जोडले. आणि मग साच्यातून घुर्र असा आवाज आला.

"मागे हो!" येसू ओरडली आणि तिने सासूला ओढलं.

धाडकन् साचा फुटला. माती उडाली. तापलेला धातू जमिनीवर पसरला. जिवाईच्या पदराला भोकं पडली, येसूच्या हातावर फोड आले. जीव वाचले, एवढंच.

दोघी अंगणात येऊन बसल्या. सगळीकडे धुकं.  मग धुक्यातून बाईमाणसाचा आवाज आला.

"भाजलं का गो फार?"

"कोण आहे?" येसूने विचारलं.

"आत्ता तुझा साचा फोडून आले, ती मी."

"मग दिसत का नाहीस?"

"दिसतेय की. हे एवढं पांढरं पसरलंय ते काय आहे? साच्यात होते तेव्हा मात्र दिसत नव्हते. तेव्हा मी वाफ होते. त्याच्याआधी पाणी होते. माती तूच कालवलीस ना पाण्यात? मग मला विसरलीस."

"अगं, मग गुपचूप बाहेर यायचंस," जिवाई म्हणाली. "हे फोडाफोडीचे धंदे कशाला?"

"येऊ कुठून म्हातारे? दार एक. त्यातून तो धातू फुरफुरत आत शिरत होता. पाणी असते तेव्हा मी वाटीत मावते. तापून वाफ झाले की तेवढीच मी, पण मला अख्खी खोली लागते. कोंडलंत तर भिंत पाडीनच."

 जिवाईने एक एक बोट दुमडलं. "मेणाला बाहेर जायला वाट. धातूला आत यायला वाट. आणि हिला निघून जायला वाट." तिने कपाळाला हात लावला. "तीन भोकं! येसू, मामंजींना ठाऊकच नव्हतं गो. ठाऊक नव्हतं म्हणून म्हणाले, विचारू नको."

मग येसू धुक्याला म्हणाली, "तुला वेगळं दार देते. मला काय देशील?"

"काय हवं?"

"खाडी सोडून जा. पौर्णिमेला माझा घरधनी येतोय."

"ते माझ्या हातात नाही. ऊन तापलं की मी जाते, गारठा पडला की येते. माझ्या मर्जीने कधी गेलेय मी?"

येसूने थोडा विचार केला. "मग एवढं कर. राजाचे ढोल गिळलेस तशी माझी घंटा गिळू नकोस."

"वाट देशील तर वाट देईन," धुकं म्हणालं, आणि अंगणभर पसरून बसलं.

पौर्णिमेला उरले तीन दिवस, बरं का.

दोघींनी सगळं गोळा केलं. जमिनीवर सांडलेला धातू खरवडला. वर गावातल्या उरलेल्या वाट्या टाकल्या. मेण मडक्यात होतंच. माती विखुरली होती, ती झाडून आणली. दोनदा सगळं मोडलं होतं, पण मोडला होता तो आकार. जिन्नस तिथेच होते. तिसरा साचा झाला. या वेळी भोकं तीन. हळदकुंकू लावायला जिवाई विसरली नाही. म्हणाली, "असू दे. देव काही वाईट वाटून घ्यायचा नाही."

मेण एका वाटेने गेलं, ती वाट मातीने बंद केली. साच्याभोवती गोवऱ्यांचा मंद विस्तव केला आणि तो हलू दिला नाही. पण माती आतून कोरडी झाली की नाही, हे कळायचं कसं? येसूने एक तांब्याचं ताट गार पाण्यात बुडवलं, कोरडं पुसलं, आणि भोकावर धरलं. ताटाला खालून बारीक थेंब आले. दवासारखे.

"ती अजून आत आहे," येसू म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा ताट धरलं. पुन्हा थेंब. दुसऱ्या दिवशी धरलं. थेंब. चतुर्दशी उजाडली. थेंब. दुपार झाली. तरी थेंब.

आता जिवाईचा धीर सुटला. ती म्हणाली, "ओत गो आता. आज ओतली नाही तर उद्या सकाळपर्यंत निवणार नाही. निवण्याआधी माती फोडली तर पुन्हा तडकेल."

"अजून ओली आहे, आत्याबाई."

"चार थेंब ते! चार थेंबांनी काय होतं?"

"परवा चार थेंबांनीच झालं असेल."

"येसू, माझा मुलगा आहे त्या होडीत."

"माझा नवरा आहे," येसू म्हणाली आणि तिने ताट पुन्हा गार पाण्यात बुडवलं.

जिवाई रागाने भात्याशी जाऊन बसली. पण भाता मारत राहिली हं. धातू तयार ठेवला तिने. एकदाही हात थांबू दिला नाही.

दिवस कलायला आला. येसूने ताट पुसलं, भोकावर धरलं, शंभर आकडे मोजले आणि उलटं करून पाहिलं. मग पदराने पुसून पाहिलं. पदर कोरडा.

"आणा," ती म्हणाली.

दोघींनी मूस सांडशीने उचलली. गरम साच्यात झळाळता धातू ओतला. एका भोकातून धातू आत चालला, दुसऱ्या भोकातून ऊन ऊन हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर आली. घुर्र नाही, काही नाही. मग दुसऱ्या भोकातून धातूच वर डोकावला. म्हणजे आत काठोकाठ भरलं. दोघींनी मूस खाली ठेवली. जिवाईने येसूच्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं आणि घरात जाऊन तूप आणलं. वाटी नव्हतीच, बोटानेच लावलं.

पौर्णिमेची सकाळ झाली. धुकं इतकं दाट की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. दोघींनी माती फोडली. आत घंटा होती. सबंध. काळपट, खरखरीत, आणि कडेला टेंगळं तशीच. घासायला वेळ कुणाला होता? आठ माणसांनी ती टोकावर नेली आणि टांगली.

तेवढ्यात समुद्राकडून शिंगाचा आवाज आला. अगदी बारीक. होडीवरचं शिंग ते. भरती लागली होती, पाणी होडीला आत ओढत होतं, आणि होडीतल्यांना कुठे वळावं ते कळत नव्हतं.

जिवाईने दोर धरला आणि ओढला.

ठण्.

सगळे कान देऊन उभे राहिले. आवाज गेला. धुकं होतं तिथेच होतं, जरासुद्धा हललं नाही. पण आवाज त्याच्यातून सरळ निघून गेला, पाण्यावरून, दाढांवरून, लांब.

ठण्. ठण्. ठण्.

शिंग वाजलं. या वेळी जवळून. मग वल्ह्यांचा आवाज. मग होडीच्या उजव्या हाताला लाटा खडकांवर आपटल्याचा आवाज, आणि होडी त्यांना टाळून येतेय. मग धुक्यात एक काळी सावली. मग होडीचं नाक. होडी वाळूला लागली.

लोक ओरडले, "आली! थांब जिवाई, आली!"

जिवाई थांबली नाही. होडीतून पहिला माणूस उतरला. ठण्. दुसरा उतरला, तिसरा उतरला. ठण्, ठण्. येसू म्हणाली, "आत्याबाई, पोचली होडी." जिवाईने ऐकलंच नाही. चौथा उतरला. पाचवा. सहावा. तिचे तळहात सोलले होते. ठण्. मग सगळ्यांच्या मागून, खांद्यावर कथिलाची जड पिशवी घेऊन, सातवा उतरला आणि त्याने वाळूत पाय टेकला. तो गुणाजी.

तेव्हा म्हातारीने दोर सोडला.

गुणाजी वर आला. त्याने आईकडे पाहिलं, येसूच्या हाताकडे पाहिलं. मग ओतारीच तो, घंटेकडे पाहिलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "कथिलाशिवाय ओतलीत? आवाज बसका आहे."

"असेल," जिवाई म्हणाली. "तुला ऐकू आला ना?"

मग काय, सगळे घरी गेले. आणलेल्या कथिलातून गुणाजीने गावाला नव्या वाट्या ओतून दिल्या. त्या म्हातारेबुवांना सगळ्यांत मोठी मिळाली, तरी ते म्हणाले की जुनी बरी होती. राजाचा घसा सुटला. त्याला लोकांनी सांगितलं की घंटा झाली, तर म्हणाला, वा वा. आणि पुढे सावळटोकात जी जी घंटा ओतली गेली, तिच्या साच्याला तीन भोकं असायची. कोणी विचारलं की का, तर येसू शेजारी बसवून घ्यायची आणि सांगायची. एकही घंटा मुकी झाली नाही.

होडीतली माणसं जेवली, पांघरुणं घेऊन आडवी झाली आणि दोन दिवस झोपली. सगळी सुखात राहिली. तुम्हीही आता पाय आत घ्या, कूस बदला आणि डोळे मिटा. उरलेले प्रश्न सकाळी. विचारले तर सांगीन.